सतराशे रुपयांत नेमकं काय विकत मिळतं?

जुन्या नाशकात दहीपुलाजवळ एका ताईंचं डीटीपीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं, शाळांची प्रमाणपत्रं अशी कामं त्या चौदा वर्षं करतायत. दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत. मुख्य कॉम्प्युटरची हार्ड डिस्क इतकी मंदावली आहे की सकाळी बटण दाबून, झाडून, अगरबत्ती लावून, चहा पिऊन झाला तरी कोरल हा डिझाइनचा प्रोग्रॅम उघडलेला नसतो. दुसऱ्या कॉम्प्युटरला त्यांनी गेल्या वर्षी स्वस्तातली एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपांवर माहिती साठवणारी वेगवान डबी, बसवली होती. ती आठ महिन्यांत अचानक बंद पडली. पंचवीस दिवसांनी बदलून नवी मिळाली, पण कोरी. पंधरा दिवसांचं काम आणि एका घरची छपाईला जायची लग्नपत्रिका त्यात गेली.

आता २०२७ च्या सिंहस्थाची कामं यायला लागतील, त्याआधी मुख्य कॉम्प्युटरला एसएसडी घ्यायची आहे. हाताशी साडेचार हजार रुपये आहेत. महात्मा गांधी रोडवरचे नेहमीचे दुरुस्तीवाले कधी नाव न ऐकलेली ५१२ जीबीची एसएसडी २,६०० रुपयांना देतायत, "तीन वर्षं माझी गॅरंटी" म्हणून. नावाजलेल्या कंपनीची साधी ४८० जीबी ४,३०० ला आहे. दीर म्हणतात, उधारी कर पण पाच वर्षं वॉरंटीची साडेसहा हजारांचीच घे. भाचा म्हणतो, स्वस्तातल्या दोन घेऊ आणि जोडीने लावू. यजमानांचं म्हणणं, जुन्या कॉम्प्युटरवर पैसे घालूच नकोस. ताईंचा प्रश्न असा: "सतराशे रुपये वाचवावेत की घालावेत? किती पैसे टाकले म्हणजे पुन्हा तसं होणार नाही?"

ताई, मी तुमच्या पत्राच्या शेवटून सुरुवात करतो. तिथे तुम्ही लिहिलंय, "पैसे वाचवायला गेले आणि एका मुलीची पत्रिका घालवली, ते मनातून जात नाही." एसएसडीचं बोलण्याआधी हे बोलायला हवं, कारण तुमचा सगळा प्रश्न या वाक्यातून आलाय.

ती पत्रिका एकाच ठिकाणी होती, म्हणून गेली. एसएसडी दुप्पट किमतीची असती तर ती आठव्या महिन्यात बंद पडण्याची शक्यता कमी झाली असती, हे खरं. पण ज्या दिवशी पडली असती त्या दिवशी पत्रिका तितकीच गेली असती. तुम्ही स्वतःला ज्या गोष्टीसाठी बोल लावताय ती काटकसर होती, आणि छोट्या दुकानात काटकसर करावीच लागते. खरी चूक दुसरीकडे आहे, आणि ती दुरुस्त करायला काटकसर सोडावी लागत नाही.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या एका मित्राचं छोटं मशीन शॉप आहे. त्याने दुकानात होती त्यातली सगळ्यात महागडी, पाच वर्षं वॉरंटीची एसएसडी घेतली होती. एका सोमवारी सकाळी ती कॉम्प्युटरला दिसेचना. मी जाऊन केबल बदलली, पोर्ट बदलला, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. शनिवारी संध्याकाळपर्यंत ती व्यवस्थित चालत होती, कसली कुरकुर नव्हती. डेटा परत काढून देणाऱ्यांनी सांगितलेला आकडा एसएसडीच्या किमतीच्या कितीतरी पट होता, वर "मिळेलच असं नाही" हेही त्यांनी सांगितलं. कंपनीने नियमाप्रमाणे नवी दिली. मित्र आणि त्याचे दोन कामगार पुढचे चार दिवस तयार जॉब हातात घेऊन वर्निअरने मापं घेत बसले होते. चाळीसएक ड्रॉइंग त्यांनी नव्याने काढली. त्या चार दिवसांत त्यांच्याशेजारी बसून मला जे समजलं, तेच तुम्हाला सांगतोय.

एसएसडीच्या डबीत मुख्यतः दोन गोष्टी असतात. फ्लॅश चिपा म्हणजे गोदाम, आणि कंट्रोलर म्हणजे त्या गोदामाचा मुनीम. हा मुनीम माल एका जागी ठेवत नाही. एकाच फळीवर पुन्हा पुन्हा लिहिलं तर ती झिजते, म्हणून तो माल सतत इकडून तिकडे हलवतो, आणि कुठली गोष्ट आज कुठे आहे हे फक्त आपल्या वहीत टिपून ठेवतो. वर मजकूर जसाच्या तसा न ठेवता उलटापालटा करून ठेवतो. म्हणून मुनीम आडवा झाला, किंवा त्याची वही फाटली, की गोदामात सगळा माल शाबूत असूनही तो कुणाच्या उपयोगाचा राहत नाही. हार्ड डिस्क मरायला टेकली की बऱ्याचदा खरखर करते, अडखळते, फाईल उघडायला वेळ लावते, म्हणजे आपल्याला थोडी सवड देते. एसएसडी ती सवड देईलच असं नाही. तुमची आणि माझ्या मित्राची, दोन्ही अशाच गेल्या.

आता सतराशे रुपयांकडे येऊ. तुमच्या मनात, आणि खरं तर बहुतेकांच्या मनात, असं असतं की स्वस्त एसएसडी लवकर झिजते आणि महाग टिकते. झिजण्याचा हिशेब कंपन्या स्वतःच छापतात. एकूण किती टेराबाइट लिहिल्यावर वॉरंटी संपते, त्याला टीबीडब्ल्यू म्हणतात. क्रुशलच्या बीएक्स५०० या साध्या एसएसडीला २४० जीबीसाठी ८० टीबीडब्ल्यू आणि ४८० जीबीसाठी १२० टीबीडब्ल्यू आहेत, वॉरंटी ३ वर्षं. किंग्स्टनच्या ए४०० ला ४८० जीबीसाठी १६०, वॉरंटी ३ वर्षंच. सॅमसंगच्या ८७० ईव्होला ५०० जीबीसाठी ३०० आणि ५ वर्षं. आता तुमचं दुकान घ्या. पत्रिका, फ्लेक्स, स्कॅन, वर विंडोजचं स्वतःचं लिहिणं, सगळं मिळून मी उदारपणे दिवसाला २० जीबी धरतो. ८० टीबी म्हणजे ८०,००० जीबी. भागून पाहिलं तर ४,००० दिवस, म्हणजे जवळपास ११ वर्षं होतात. आणि ही सगळ्यात कमी आकड्याची एसएसडी आहे. त्याआधी तुमचा कॉम्प्युटरच बदललेला असेल. तीनशेचा आकडा दीर सांगतात तेव्हा तो खोटा नसतो, पण तुमच्या दुकानाला त्याचं काही काम नाही.

मग जास्त पैशांत मिळतं तरी काय? काही प्रमाणात वेग मिळतो. एका कप्प्यात तीन बिट साठवणाऱ्या चिपेला टीएलसी म्हणतात, चार बिट साठवणाऱ्या चिपेला क्यूएलसी. टीएलसीत विजेच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, क्यूएलसीत सोळा, म्हणून क्यूएलसी स्वस्त, पण सावकाश आणि नाजूक. स्वस्त एसएसडीत मुनिमाची वही ठेवायला डीरॅम ही वेगळी, झटपट वाचता येणारी मेमरीही नसते. याचा त्रास पन्नास-साठ जीबी एका दमात कॉपी करताना होतो. सुरुवातीला कॉपी धावते आणि मग मध्येच इतकी रेंगाळते की जुनी हार्ड डिस्क बरी वाटावी. तुमची फ्लेक्सची फाईल तीनचारशे एमबीची. तुम्हाला हा फरक जाणवणारही नाही. हार्ड डिस्कवरून कुठल्याही बऱ्या एसएसडीवर गेलात तरी सकाळचा चहा प्यायच्या आधी कोरल उघडलेलं असेल.

दुसरी गोष्ट मिळते ती मला जास्त मोलाची वाटते: आत काय आहे याची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते. फ्लॅश चिपा बनवणाऱ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किऑक्सिया, सॅनडिस्क, चीनची वायएमटीसी, एवढ्यांतच बहुतेक बाजार आला. बाकीचे शेकडो ब्रँड त्यांच्याकडून, किंवा मधल्या व्यापाऱ्यांकडून, मिळेल त्या प्रतीच्या चिपा घेऊन डबीत भरतात. या महिन्याच्या डबीत एक माल, पुढच्या महिन्याच्या डबीत दुसरा. भाच्याच्या मित्राची त्याच नावाची एसएसडी दोन वर्षं उत्तम चालली असेल, पण तुमच्या डबीत तीच चिप आहे हे कशावरून? आपल्या नाशिकरोडला नोटा छापतात. नोट हातात आली की उजेडाकडे धरून पाहता येते. एसएसडीच्या बाबतीत आपल्या हातात फक्त स्टिकर असतो.

आणि मोठं नाव असलं म्हणजे सगळं पक्कं, असंही मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये क्रुशलच्या पी२ या मॉडेलमध्ये नाव तेच ठेवून टीएलसीच्या जागी क्यूएलसी चिपा आल्या होत्या. आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल हे नावच किरकोळ बाजारातून काढून घेत असल्याचं जाहीर केलं. घेतलेल्या मालाची वॉरंटी पाळू असं त्यांनी सांगितलं, ही जमेची बाजू. नावाजलेल्या कंपनीत फरक एवढाच पडतो की मालाच्या मागे कुणीतरी सापडतं. सीरियल नंबर टाकून वॉरंटी तपासता येते, फर्मवेअरची, म्हणजे डबीतल्या मुनिमाला चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, चूक निघाली तर दुरुस्ती येते, तिसऱ्या वर्षी दार ठोठावायला दार तरी असतं.

तुमच्या दुरुस्तीवाल्यांबद्दल तुम्ही आदराने लिहिलंय, आणि त्यांना टाळून दुसरीकडे घेणं तुम्हाला अवघड वाटतंय. टाळू नका. माणूस सचोटीचा आहे हे तुमच्या पत्रातूनच दिसतं. फक्त त्यांची तीन वर्षांची गॅरंटी म्हणजे काय, ते समजून घ्या. बंद पडली तर ते दुसरी देतील, त्या दिवशी त्यांच्याकडे जी असेल ती. त्यांना माल पुरवणारा मधला व्यापारी गायब झाला तर तो भुर्दंड त्यांच्याच खिशावर पडेल आणि तुम्हाला मागायला संकोच वाटेल. त्यांनाच सांगा, "दादा, नावाच्या कंपनीची द्या, बसवायचे पैसे तुमचे तुम्ही घ्या, पण बिल जीएसटीचं आणि त्यावर सीरियल नंबर हवा." नेहमीचं गिऱ्हाईक असं बोललं की कुणाला वाईट वाटत नाही. हा कागद जपून ठेवा. वॉरंटी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. दुकानासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहक ठरत नाही, असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी केलेली खरेदी त्या कायद्यात ग्राहकाचीच धरली आहे. मात्र एक लक्षात ठेवा, वॉरंटी डबीची असते, पत्रिकेची नसते. हे तुम्ही पंचवीस दिवस थांबून शिकला आहातच.

घरच्यांचे सल्लेही बाजूला टाकण्यासारखे नाहीत. भाचा अर्धा बरोबर आहे. दोन प्रती हव्यात हे त्याने सगळ्यांच्या आधी ओळखलं, म्हणून त्याला शाबासकी द्या. पण एका वेळी घेतलेल्या, एकाच मालातल्या दोन एसएसडी जोडीने लावल्या की दोघींवर तेच काम, तितकंच, त्याच वेळी होतं. त्या दोघी जवळजवळ एकदमच आजारी पडू शकतात. आणि तुम्ही चुकून एक फोल्डर उडवलंत, किंवा एखाद्या गिऱ्हाईकाच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला, तर जोडीतली दुसरी एसएसडी तेच नुकसान त्याच क्षणी इमानेइतबारे उतरवून घेते. यजमानांचं म्हणणंही विचारात घेण्यासारखं आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तुम्ही त्या कॉम्प्युटरवर लोकांचे फॉर्म आणि पेमेंट भरता, तेव्हा आज ना उद्या तो बदलावा लागेल. पण साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची एसएसडी, ही पुढच्या कॉम्प्युटरला काढून लावता येणारी गोष्ट आहे. ते पैसे वाया जात नाहीत. शिवाय एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव चढलेत. स्वस्त होईल म्हणून थांबा, असं मी आज सांगणार नाही.

आता एक प्रश्न तुम्हाला. तुम्हाला ५१२ जीबी हव्यात, हे कुणी ठरवलं? तुम्हीच लिहिलंय की चौदा वर्षांचं सगळं काम मिळून १८० जीबीच्या आसपास आहे. त्यातलं रोज लागणारं किती? चालू वर्षाच्या पत्रिका, नेहमीच्या शाळांची प्रमाणपत्रं, फॉन्ट, हिशेब, हे सगळं चाळीस जीबीत बसेल असा माझा अंदाज आहे. विंडोज आणि प्रोग्रॅमना साठएक जीबी धरा. नावाजलेल्या कंपनीची २४० जीबी तुम्हाला त्या अनोळखी ५१२ च्या किमतीच्या जवळपास मिळेल. म्हणजे सतराशे वाचवायचे की घालायचे, हा पेचच उरत नाही. जुनं काम हार्ड डिस्कवरच राहू दे, तिथे वेगाची गरज नाही.

यात एक शिस्त लागते. एसएसडीवर पंधरा-वीस टक्के जागा कायम मोकळी हवी, मुनिमाला माल हलवायला अंगण लागतं. म्हणजे दर महिन्याला झालेलं काम हार्ड डिस्कवर सरकवायला हवं. तुम्ही ते करणार नाही असं तुमचं मन सांगत असेल, तर खुशाल ४,३०० ची ४८० जीबी घ्या. स्वतःच्या सवयीविरुद्ध केलेली व्यवस्था चालत नाही. पण २४० घेतलीत तर जे दोनेक हजार उरतील, ते मी दोन गोष्टींवर लावेन.

पहिली, यूपीएसची बॅटरी. दिवे गेले की कॉम्प्युटर लगेच बंद होतो असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. मला ते सगळ्यात जास्त खटकलं. मुनीम वही लिहीत असताना दिवा जाणं, हे एसएसडी बिघडण्याचं एक खरं कारण आहे. मोठ्या सर्व्हरच्या एसएसडीत अशा वेळेसाठी वीज धरून ठेवणारे कपॅसिटर असतात, आपल्या घरगुती एसएसडीत बहुधा नसतात. तुमची गेल्या वर्षीची एसएसडी तशीच गेली का, हे मी इथून सांगू शकत नाही. पण बॅटरी बदलल्याशिवाय नवी बसवू नका.

दुसरी, हार्ड डिस्क घालून यूएसबीने जोडायची पेटी, दुकानात तिला केसिंग म्हणतात. तुमच्याकडे दोन जुन्या हार्ड डिस्क आहेत: एक आता मुख्य कॉम्प्युटरमधून मोकळी होईल, दुसरी गेल्या वर्षी काढलेली, ड्रॉवरमध्ये पडलेली. त्यांतली चांगली कुठली ते पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो चालवा. त्यात ०५, सी५ आणि सी६ या ओळी दिसतील. तिथे 'कॉशन' असा पिवळा इशारा असेल तर डिस्कचे काही भाग खराब झालेत. तुमची मुख्य डिस्क नुसती जुनी म्हणून मंद आहे की मरायला टेकल्यामुळे मंद आहे, हे इथे कळेल. दोन्ही डिस्कना इशारा असेल, तर माझा सगळा सल्ला उलटा फिरवा: एसएसडी पुढच्या महिन्यात, आधी नवी बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि त्याच दिवशी सगळं उतरवून ठेवा. सकाळी कॉम्प्युटर सावकाश चालू होणं सोसता येतं.

दोन्ही ठीक निघाल्या तर एक कॉम्प्युटरमध्ये दुसरी डिस्क म्हणून राहू दे, तिच्यावर जुनं काम. दुसरी केसिंगमध्ये, तिच्यावर जुन्या आणि चालू अशा सगळ्याची प्रत. रोज शटर ओढण्याआधी चालू कामाचं फोल्डर तिच्यावर कॉपी करायचं आणि ती पिशवीत घालून घरी न्यायची. भाच्याला सांगा, एका क्लिकवर कॉपी होईल अशी छोटी बॅच फाईल करून देईल. फक्त इकडे खोडलं की तिकडेही खोडलं जाईल अशी नको, नवीन आणि बदललेलं तेवढंच भर घालणारी हवी. हे मी ड्रॉवरमधल्या हार्ड डिस्कसाठी सांगतोय, स्वस्तातल्या आणखी एका एसएसडीसाठी नाही. जेडेक या चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं घरगुती एसएसडीचं मानक एवढंच मागतं की लिहिण्याची मर्यादा संपल्यावर, वीज नसताना, ३० अंश तापमानात माहिती एक वर्ष टिकावी. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकवते, तरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात विसरून जाण्यासारखी ती वस्तू नाही.

घरी न्यायची यावर मी अडून बसतोय, कारण तुमचं दुकान दहीपुलाजवळ आहे. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर तुम्हाला मी सांगायला नको. रामकुंडाजवळची नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती हे आपलं पुराचं माप. पाणी पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, त्याप्रमाणे नदीकाठचे दुकानदार आवराआवर करतात. एसएसडीतही असा एक मारुती असतो. त्याच क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये वर टक्के दिसतात, शंभरावरून ते हळूहळू उतरतात. महिन्यातून एकदा जरूर पाहा. पण गंगापूर धरणातून पाणी सोडलं तर मारुती सांगतो. तासाभराचा मुसळधार पाऊस पडून सराफ बाजारात आणि दहीपुलावर पाणी भरतं, तेव्हा मारुती कोरडा असतो. ते टक्के फक्त झीज सांगतात, मुनीम कधी आडवा होईल ते सांगत नाहीत. माझ्या मित्राच्या एसएसडीचे टक्के त्या शनिवारी नव्वदच्या वर होते.

तिसरी प्रत इंटरनेटवर, पण थोडीच. गुगलच्या फुकट १५ जीबीत हिशेबाचा बॅकअप, चालू ऑर्डर आणि फॉन्टचं फोल्डर एवढं ठेवा. फॉन्ट बहुतेक लोक विसरतात. कोरलची फाईल सापडली, पण जुना मराठी फॉन्ट गेला, तर "श्री गणेशाय नमः" च्या जागी कावळ्याचे पाय दिसतात. छपाईला गेलेल्या प्रत्येक कामाची कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचं चित्र करून फॉन्टशिवाय उघडणारी, फाईल आणि पीडीएफही सोबत ठेवत जा. आणि महिन्यातून एकदा केसिंगमधली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून एखादी जुनी पत्रिका उघडून बघा. उघडली, तर ती प्रत खरी.

नवी एसएसडी आली की पहिल्याच आठवड्यात, म्हणजे परत करायची मुदत असतानाच, ती तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फोत 'पॉवर ऑन अवर्स' जवळपास शून्य हवेत. शेकडो तास दिसले तर ती वापरलेली आहे. मग एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने ती काठोकाठ भरून परत वाचून घ्या. ऑनलाइन हजार-दोन हजारांत १६ टीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत छोटं मेमरी कार्ड असतं आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगितलेला असतो, तो खोटेपणा अशाने उघडा पडतो. चांगल्या एसएसडीला एकदा काठोकाठ भरल्याने काही होत नाही. पहिला महिनाभर चालू काम जुन्या डिस्कवरही ठेवत राहा.

तुमच्यासारखी पत्रं इतरांचीही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना माझा सल्ला उलटा आहे. त्यांनी टीएलसी, डीरॅम असलेली, पाच वर्षं वॉरंटीचीच घ्यावी, कारण ते एका दिवसात दोनशे-तीनशे जीबी लिहितात आणि रेंगाळणारी कॉपी त्यांची रात्र खाते. कॉलेजच्या मुलाचं सगळं काम क्लाउडवर असेल तर नावाजलेल्या कंपनीची सगळ्यात साधी पुरे. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरला स्वस्त एसएसडी लावूच नका, तिथे पाळतीच्या कामासाठी बनवलेली हार्ड डिस्कच योग्य.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला सांगावीशी वाटते. बंद पडलेली एसएसडी तुम्ही वॉरंटीत पाठवलीत तेव्हा तिच्यात गिऱ्हाइकांचे आधार आणि पॅन कार्डांचे स्कॅन होते का? बंद पडलेल्या एसएसडीतून आपल्याला काही पुसता येत नाही. फॉर्म भरून पावती हातात दिली की ते स्कॅन त्याच दिवशी खोडत जा. प्रतही करू नका त्यांची. लोक तुमच्यावर विश्वास टाकून ते कागद देतात.

त्या मुलीच्या घरच्यांना तुम्ही पत्रिका पुन्हा टाइप करून, रात्री जागून, वेळेत दिलीत, हे तुम्ही एका ओळीत उरकलंय. माझ्या लेखी ती ओळ पत्रातली सगळ्यात मोठी आहे.

शनिवारी महात्मा गांधी रोडला जाल तेव्हा ड्रॉवरमधली हार्ड डिस्क सोबत न्या. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर चालत नाही, तिला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. तो असलेलंच केसिंग मागा, आणि डिस्क तिथेच जोडून, चालू होताना बघून मगच पैसे द्या.